कर्मजा बुद्धी

दिवाळीच्या वहीपूजनात आपण अभयकुमारांची बुद्धी मागतो. श्रेणिक राजाचे हे पुत्र आणि मंत्री. त्यांची बुद्धी औत्पत्तिकी, म्हणजे क्षणात सुचणारी. पण नंदीसूत्रात बुद्धी चार सांगितल्या आहेत. विनयाने येते ती वैनयिकी, वयाने पिकते ती पारिणामिकी आणि काम करता करता येते ती कर्मजा. कर्मजेच्या उदाहरणांत सोनार, शेतकरी, कोष्टी, सुतार आहेत आणि चक्क अपूप करणाराही! हाताला बसलेला पिठाचा अंदाज शास्त्राने बुद्धीतच धरला, बरं का.

१९०५ मध्ये पॅरिसला बिने आणि सिमों यांनी शाळेत मागे पडणारी मुलं ओळखायला चाचणी काढली. पुढे त्यातूनच बुद्ध्यांकाचा आकडा आला. मी कॉमर्सची, आकड्यांचं मला वावडं नाही. पण त्या आकड्यात कर्मजा कोणत्या रकान्यात मांडायची?