खास डाव (फायटिंग गेम)

दोन खेळाडूंच्या लढतीच्या व्हिडिओ गेममध्ये एखाद्या पात्राला स्वतंत्रपणे दिलेले, स्टिक आणि बटण यांच्या ठरावीक मेळाने निघणारे डाव. अशा डावांचा पात्रागणिक संच म्हणजे मूव्हसेट. साधे ठोसे आणि लाथा थोड्याफार फरकाने सर्वांकडे असतात. पात्राची लढण्याची रीत घडते ती मुख्यतः खास डावांमुळे. डाव दिसतो कसा हे चित्रकाराचे काम. तो काढायला खेळाडूला काय मोजावे लागेल हे ठरवणे, ही खरी रचना.

उगम : कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये (1987) रियू या पात्राला हादोकेन, शोर्यूकेन आणि तात्सुमाकी सेनपूक्याकू असे तीन डाव होते. आज्ञा इतक्या अवघड होत्या, की ते निघाले तर निघाले. ‘स्ट्रीट फायटर 2’मध्ये (1991) खेळाडूला निवडता येणारी 8 पात्रे आली, आणि रियू-केन ही जोडी सोडता प्रत्येकाचा संच वेगळा झाला. एकामागोमाग फटके जोडण्याचा कॉम्बो हा प्रकार मुळात योजलेला नव्हता. खास डावांच्या आज्ञा सैल करताना साधा फटका मध्येच तोडून डाव काढता येऊ लागला, असे त्याचे कारण सहसा सांगितले जाते. पुढच्या रचनाकारांनी मात्र तो गृहीतच धरला.

आज्ञा : बचावासाठी स्टिक मागे धरावी लागते, ही या सगळ्या गणिताची किल्ली. शोर्यूकेनची आज्ञा पुढे, खाली, तिरके खाली-पुढे आणि ठोसा अशी असल्याने डावाच्या आरंभीच बचाव सोडावा लागतो. ‘स्ट्रीट फायटर 2’मधील गाइल या पात्राचे उलट आहे. त्याच्या सॉनिक बूमसाठी स्टिक काही काळ मागे धरून मग पुढे ढकलायची, म्हणजे बचावात बसल्या बसल्या डाव तयार होतो. पण पुढे चाल केली की तयारी वाया जाते. त्यामुळे जागा न सोडता लढणारा गाइल कोणी नियमात लिहून ठेवलेला नाही, तो आज्ञेतून आपोआप घडला. झांगीफ या पहिलवानाच्या फिरत्या आपटीसाठी स्टिक पूर्ण गोल फिरवावी लागते. त्या फेऱ्यात ‘वर’ ही दिशा येते आणि पात्र उडी मारून बसते, म्हणून जाणते खेळाडू हा फेरा दुसऱ्या हालचालीच्या आडोशाने पुरा करतात. अडखळत का होईना, पण एकदा पकड लागली की इजा जबर होते. होंडा आणि चुन-ली या पात्रांचे काही डाव नुसते बटण भराभर दाबून निघतात.

काळाचा हिशेब : पडद्यावर सेकंदाला साधारण 60 फ्रेम उमटतात आणि प्रत्येक डावाचे तीन भाग मोजले जातात: सुरुवात, मार लागण्याचा काळ आणि सावरणे. शोर्यूकेन सुरू होताना रियूला फटका लागत नाही. पण डाव हुकला तर खाली येईपर्यंत तो उघडा पडतो. ही शिक्षा काढून टाकली, तर दुसरे काही खेळण्याचे कारणच उरणार नाही.

धालसिम : ‘स्ट्रीट फायटर 2’च्या 8 पात्रांपैकी भारतीय पात्र. हातपाय लांबवून मारणे ही त्याची ओळख असली, तरी ते खास डावांत मोडत नाही. ते त्याचे साधे फटके आहेत. त्याची चाल मंद, उडी तरंगती, आणि लांबलेला हात स्वतःच मार खाऊ शकतो. या उणिवांना पूरक म्हणून आगीचे दोन डाव दिले आहेत: दुरून रोखण्यासाठी योगा फायर हा गोळा आणि जवळ आलेल्यासाठी योगा फ्लेम ही ज्वाळा. अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकटण्याचा डाव याच खेळाच्या ‘हायपर फायटिंग’ आवृत्तीत (1992) आला. त्याच आवृत्तीत चुन-लीलाही लांबून मारायचा गोळा मिळाला. बाजारात फिरणाऱ्या बेकायदा, फेरफार केलेल्या बोर्डांना उत्तर म्हणून ही आवृत्ती निघाली, असे म्हणतात. धालसिमच्या लांबणाऱ्या हातांचे मूळ ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’ या तैवानी चित्रपटातील योग्यात असल्याचे बहुधा मानले जाते. त्याच्या आगीचे पाहिले, तर पतंजलींच्या योगसूत्रांतील विभूतिपादात समान वायू जिंकणाऱ्याच्या अंगी तेज प्रकटते असे आहे. तोंडावाटे आगीचा गोळा सोडण्याविषयी काही नाही. गळ्यातील कवट्या आणि पार्श्वभूमीचे हत्ती यांवर आक्षेप घेतले जातात. संच म्हणून पाहता मात्र हे पात्र त्या आठांत सर्वांत धाडसी ठरते.

इतर परंपरा : ‘मॉर्टल काँबॅट’मध्ये (1992) बचावाला वेगळे बटण असल्याने स्टिक मागे धरण्याचे वरचे गणित लागू पडत नाही. ‘व्हर्च्युआ फायटर’मध्ये (1993) गोळे नाहीत.

सोप्या आज्ञा : ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ने (1999) एक बटण आणि एक दिशा एवढ्यावर खास डाव बसवले. ‘फँटसी स्ट्राइक’मध्ये (2019) अवघड आज्ञाच नाहीत. यामुळे कौशल्य घटते की फक्त दारातली अडचण दूर होते, यावर खेळाडूंत एकमत नाही. ‘स्ट्रीट फायटर 6’ने (2023) दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या. त्यातील ‘मॉडर्न’ पद्धतीत एका बटणावर काढलेल्या खास डावाची इजा 20 टक्क्यांनी कमी होते, आणि तोच डाव जुन्या आज्ञेने काढला तर पूर्ण इजा मिळते.