भाटघरचे कुंड आणि शेळगावचे पाणी

इंदापूर तालुक्यातील शेळगावच्या उसाला पाणी मिळते ते नीरा डाव्या कालव्याच्या फाट्यावरून. त्या पाण्याची साठवण होते भोरजवळच्या भाटघर धरणात, वेळवंडी नदीवर. या धरणाच्या सांडव्याला ८१ मोऱ्या आहेत आणि त्यांपैकी ४५ दरवाजे स्वयंचलित आहेत. पावसाळ्यात धरण काठोकाठ भरले की ते आपोआप उघडतात. बटण दाबावे लागत नाही, विजेचाही संबंध नाही. स्वयंचलित यंत्रणांच्या संशोधनाची मराठी मुलखातली कुळकथा सांगायची तर संगणकापासून सुरुवात करण्याचे कारण नाही. ती या दरवाजांपासून सुरू होते.

जगाच्या इतिहासातले टप्पे सर्वज्ञात आहेत. अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पाणघड्याळाला तरंगणारा गोळा लावून पाण्याची पातळी स्थिर ठेवली. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या यंत्राला वेगनियंत्रक बसवला, जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये अशा नियंत्रकांचे गणित मांडले आणि नॉर्बर्ट वीनरच्या १९४८ च्या ग्रंथाने या साऱ्याला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव मिळाले. पाठ्यपुस्तकांत हा प्रवास वाफेच्या इंजिनावरून विमानाकडे आणि तिथून संगणकाकडे जातो. धरणाचा सांडवा वाटेत कुठे भेटत नाही. ही उणीव मोठी आहे.

भाटघरचे पहिले धरण १८८० च्या दशकात बांधायला घेतले आणि पुढच्या दशकाच्या आरंभी ते पुरे झाले. त्याच्या जलाशयाला व्हाइटिंग या अभियंत्याचे नाव दिले होते. धरणावर अभियंत्यांपुढे एक जुना पेच होता. सांडव्याचा माथा खाली ठेवला तर पुराला वाट मिळते, पण शेवटचे काही फूट पाणी साठवता येत नाही. माथा वर नेला तर साठा वाढतो, पण पूर आल्यावर धरणच धोक्यात येते. सांडव्यावर हलते दरवाजे बसवले तर दोन्ही साधते. मात्र सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस एका रात्रीत धरण भरतो, आणि अशा रात्री डझनावारी दरवाजे हातांनी उघडायला माणसे आणायची कुठून?

ई. के. रेनॉल्ड या अभियंत्याने काढलेली तोड अशी. प्रत्येक दरवाजा साखळीने एका वजनाशी तोललेला असतो आणि ते वजन दगडी कुंडात लोंबत असते. कुंड कोरडे असते तोवर वजन जड ठरते आणि दरवाजा बंद राहतो. जलाशय पूर्ण पातळीला पोचला की पाणी कुंडात शिरते. पाण्यात बुडालेले वजन हलके होते, तोल फिरतो आणि दरवाजा उघडतो. पातळी उतरली की कुंड रिकामे होते आणि दरवाजा पुन्हा जागेवर येतो. नियंत्रणशास्त्रात ज्याला फीडबॅक म्हणतात ते इथे पुरेपूर आहे: पातळी मोजणारे कुंड, निर्णय देणारा तोल आणि हुकूम बजावणारा दरवाजा, तिन्ही एकाच साखळीवर. शिवाय कुंड भरायला आणि ओसरायला वेळ लागतो, म्हणून लाटेच्या प्रत्येक हेलकाव्याला दरवाजा फडफडत नाही. आजचे अभियंते हा गुण मुद्दाम आकडे घालून यंत्रणेत बसवतात. रेनॉल्डला तो कुंडामुळे फुकट मिळाला.

इथे वादाचा मुद्दा येतो. स्वयंचलित दरवाजे म्हटले की महाराष्ट्रात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे नाव घेतले जाते. ते पुण्याच्या सायन्स कॉलेजचे विद्यार्थी. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. १९०३ च्या सुमारास त्यांनी खडकवासल्याच्या, तेव्हाच्या फाइफ तलावाच्या, सांडव्यावर आपले दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. त्यांनी पेटंटही घेतले आणि पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा व म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणांवर तसेच दरवाजे बसले. हे श्रेय त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ नये. पण मूळपुरुष म्हणून त्यांचे नाव लावणे काळाच्या हिशेबात बसत नाही. भाटघरच्या पहिल्या धरणावरची कुंडे त्यांच्या आधीची होती आणि खडकवासल्यापासून फार लांबही नव्हती. पुण्याच्या पाटबंधारे खात्यात काम करणाऱ्या, नीरेच्या कालव्यात रस घेणाऱ्या अभियंत्याने भाटघरचे दरवाजे निरखले नसतील हे पटण्याजोगे नाही. दुसरा पक्ष म्हणतो की दोघांनी एकाच अडचणीवर स्वतंत्रपणे एकाच जातीचे उत्तर शोधले. तेही अशक्य नाही. तरी एकाच खात्यात, एकाच खोऱ्यालगत, दहा-बारा वर्षांच्या अंतराने योगायोग घडला असे मानण्यापेक्षा वारसा मानणे सोपे आहे.

पेटंटापेक्षा विश्वेश्वरय्यांचे मोठे काम शेळगावच्या दिशेला आहे आणि त्याची चर्चा कमी होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. त्याआधी उसाचे फड विखुरलेले असत आणि एका टोकाच्या दोन एकरांसाठी अख्खी चारी वाहती ठेवावी लागे. ब्लॉकमध्ये भिजणारी जमीन एकत्र बांधली गेली, उसाचा वाटा ठरला, पिकांची फेरपालट ठरली आणि कोणत्या फाट्याला केव्हा किती पाणी द्यायचे ते आधीच लिहून ठेवता आले. भाटघरचा दरवाजा घडलेल्या गोष्टीला उत्तर देतो. ब्लॉक घडणार असलेल्या गोष्टीची तजवीज करतो. नियंत्रणाच्या या दोन शाखा एकाच कालव्यावर एकत्र आल्या, याची नोंद कोणत्याही पाठ्यपुस्तकाने घ्यायला हरकत नव्हती.

दुसरी शाखा अवघड का, हे कालव्याच्या शेपटीला कळते. नीरा डावा कालवा दीडशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे. पाणी सेकंदाला पाऊण मीटर वेगाने चालते असे धरले तर शंभर किलोमीटर खालच्या फाट्याला ते ३७ तासांनी पोचते. मुखाशी केलेली चूक दीड दिवसाने दिसते आणि तिची दुरुस्ती आणखी दीड दिवसाने. मध्ये कोणी जादा दारे धरली तर हिशेब पुन्हा बिघडतो. निव्वळ फीडबॅकवर चालणारे नियंत्रण अशा विलंबात एकदा कमी, एकदा जास्त असे झोके खाते. अमेरिकेत ओटो स्मिथने १९५७ मध्ये विलंबाचा अंदाज आधीच गणितात धरण्याची रीत मांडली आणि ती आजही स्मिथ प्रेडिक्टर म्हणून शिकवली जाते. पाटबंधारे खात्याची रीत वेगळी होती: आवर्तन आधी शेपटीला द्यायचे आणि मग मुखाकडे सरकायचे, म्हणजे ‘टेल टू हेड’. शेजपाळीचा, म्हणजे पाळीने पाणी देण्याचा, कागद आणि पाटकऱ्याची फेरी हीच तिची यंत्रणा. ही रीत वरच्या माणसाच्या हव्यासाला आवर घालते, तशीच विलंबाची चूक जिथे सर्वांत जास्त तिथेच ती आधी निस्तरते. हा दुसरा लाभ रीत घालणाऱ्यांच्या मनात होता की नाही, यावर मतभेद होऊ शकतो. पण कागदावर हिशेब जुळतो.

आताचा नीरा प्रकल्प एका धरणाचा उरलेला नाही. जुने धरण पाण्याखाली घेणारे लॉइड धरण १९२७-२८ मध्ये पुरे झाले. पुढे वीर, नीरा देवघर आणि गुंजवणी ही धरणे आली आणि चारही धरणांचा एकत्रित साठा सुमारे ४८ टीएमसी झाला. एका धरणाचा निर्णय दुसऱ्याच्या विसर्गावर अवलंबून राहू लागला. अशा गुंतलेल्या यंत्रणेसाठी मोजणारे संवेदक, छोटे संगणक आणि संदेशवहन लागते. बीड जिल्ह्यात माजलगावच्या उजव्या कालव्यावर जागतिक बँकेच्या मदतीच्या काळात फ्रेंच तंत्राने संगणकावर कालवा चालवण्याचा प्रयोग झाला. तो राज्यभर पसरला नाही. दरवाजा, मापक आणि वायरलेस यांपैकी एक बंद पडला तरी सारी साखळी अडते. दगडी कुंडाला ही अडचण नव्हती.

म्हणूनच हल्लीचे संशोधन प्रत्येक फाट्याला थोडा निर्णय स्वतः घेऊ देण्याकडे आणि मुख्य कार्यालयाकडे फक्त पुढच्या काही दिवसांचा आराखडा ठेवण्याकडे झुकते आहे. शास्त्रज्ञ त्याला विकेंद्रित भाकीत-नियंत्रण म्हणतात. त्यातला फाट्यावरचा निर्णय रेनॉल्डच्या कुळातला आहे आणि आराखडा ब्लॉकच्या.