दृष्टीच्या वाटेवरचे डाग : एका निदानाचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवीत. मी आयुष्यभर मराठी शिकविले. तेव्हा वैद्यकाच्या इतिहासावर मी बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. त्यामागे एक जुने शल्य आहे. माझ्या एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने परीक्षेच्या तोंडावर मला सांगितले की, उजव्या डोळ्यापुढे धुके आले आहे, तांबडा रंग फिका दिसतो आणि डोळा हलविला की दुखतो. बाहेरून डोळा स्वच्छ होता. परीक्षेची धास्ती, असे म्हणून मी तिची समजूत घातली. काही आठवड्यांत तिला दिसू लागले आणि माझा समज दृढ झाला. पुढे काही वर्षांनी तिच्या पायांतील बळ ओसरले, तेव्हा मेंदूचे चित्रण होऊन मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले. ती खरे सांगत होती. अशा सांगण्याला पुरावा कसकसा मिळत गेला, हा आजचा विषय.

या व्याधीची एक फार जुनी साक्ष एका रोजनिशीत आहे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डी एस्टे हा डिसेंबर १८२२ मध्ये स्कॉटलंडमध्ये एका आप्ताच्या अंत्यविधीस हजर राहिला. त्यानंतर लगेच त्याची दृष्टी इतकी अंधुक झाली की, आलेली पत्रे दुसऱ्याने वाचून दाखवावी लागली. पुढे उपचारांवाचूनच दृष्टी परतली. नंतरच्या वर्षांत ती पुन्हा मंदावली, पाय दुबळे झाले. हे सारे तो लिहीत राहिला. १८४८ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या रोगाला नावही नव्हते.

१८३० च्या दशकात कार्सवेल आणि क्रूव्हेलिए यांनी शवविच्छेदनात आढळलेले मज्जारज्जूवरील डाग चितारले होते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तें शार्को याने १८६८ मध्ये हे डाग आणि जिवंतपणीची लक्षणे यांची सांगड घालून रोगाचे स्वरूप निश्चित केले. मज्जातंतूंवर मायलिन नावाचे वेष्टन असते. ते जागोजाग झिजले की संदेश मंदावतात किंवा अडतात. पण शार्कोचा पुरावा मृत्यूनंतरचा होता.

जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावण्याचे साधन हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये जगापुढे ठेवले. तरीही अडचण उरली. दाह बहुधा नेत्रगोलाच्या मागे, दृष्टीच्या मज्जातंतूत असतो. त्यामुळे रुग्णाला काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही, असे वैद्यकात म्हटले जाई. व्यायामानंतर दृष्टी तात्पुरती मंदावते, हे उटहॉफने १८९० मध्ये नोंदविले. तेही रुग्णाच्या सांगण्यावरूनच. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांना, त्यातही ऐन तारुण्यात, अधिक होतो. येणारी-जाणारी दृष्टी सांगणाऱ्या कित्येक तरुणींवर 'उन्माद' असा शिक्का बसला. त्यांच्या नावांची रोजनिशी कोणी छापली नाही.

१९७२ मध्ये लंडनच्या हॅलिडे, मॅक्डोनल्ड आणि मुशिन यांनी रुग्णांना काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट दाखवून डोक्याच्या मागील भागातील विद्युत्-लहरी मोजल्या. निरोगी डोळ्याकडून निघालेला संदेश सुमारे एक दशांश सेकंदात तेथे पोहोचतो. बाधित डोळ्याचा उशिरा पोहोचला. विशेष म्हणजे दृष्टी परतल्यावरही हा उशीर बहुधा कायम राही. बरी झालेली व्यथासुद्धा मागे खूण ठेवते, हे प्रथमच मोजून दाखविता आले.

त्यानंतर चित्रांचे युग आले. १९८१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी दहा रुग्णांच्या मेंदूंचे चित्रण दोन पद्धतींनी केले. सी.टी. स्कॅनमध्ये १९ डाग दिसले. आज आपण ज्याला एम.आर.आय. म्हणतो, त्या चुंबकीय चित्रणात आणखी ११२ दिसले. शार्कोला शवागारात जे पाहावे लागले, ते आता चालत्या-बोलत्या माणसात दिसू लागले.

दृष्टीचा मज्जातंतू मात्र सहज हाती लागेना. तो बारीक, डोळ्याबरोबर हलणारा आणि चरबीने वेढलेला. चरबीचा उजळपणा चित्रात त्याला झाकून टाकी. तो उजळपणा दाबणाऱ्या पद्धती १९८० च्या दशकात आल्या. मग शोध मज्जातंतूच्या मागे सरकला. डोळ्यापासून मेंदूच्या पाठीमागील दृष्टिकेंद्रापर्यंतची वाट मध्ये एका ठाण्यावर थांबते, तेथून नवे तंतू पुढे जातात. मज्जातंतूला इजा झालेल्यांत ठाण्यापलीकडच्या या तंतूंतही बदल दिसतात, असे २००५ मधील लंडनच्या अभ्यासात आढळले. त्याआधी २००० मध्ये दिसले होते की, बऱ्या झालेल्या डोळ्याने पाहताना दृष्टिकेंद्राबाहेरचे भागही सक्रिय होतात. मेंदू बहुधा आपली मोडलेली वाट वळसा घालून चालतो.

अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने रुग्णांचा पंधरा वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या नेत्रविकाराच्या वेळी मेंदूत एकही डाग नसलेल्यांपैकी २५ टक्क्यांना पुढे हा रोग झाला. एक वा अधिक डाग असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना. निदानाचे निकष २००१ मध्ये ठरले, ते त्याच मॅक्डोनल्ड यांच्या नावाने ओळखले जातात. तरीही दृष्टीच्या मज्जातंतूला त्यांत स्वतंत्र स्थान मिळायला २०२५ साली प्रसिद्ध झालेली सुधारणा यावी लागली.

चित्रालाही मर्यादा आहेत. डाग पुष्कळ आणि त्रास थोडा, किंवा त्याउलट, असेही घडते. म्हणून रुग्णाचे बोलणे आजही निरुपयोगी ठरलेले नाही.

माझ्या त्या विद्यार्थिनीची मी पुढे क्षमा मागितली. ती म्हणाली, "सर, तुम्ही म्हणालात तेव्हा मलाही वाटले, मी उगाच बोलते आहे." तिचे हे वाक्य मला निदानाहून जड वाटले. आपल्या शाळेच्या वर्गांत उद्या एखादे मूल म्हणेल, फळा नीट दिसत नाही. त्याचा डोळा स्वच्छ असला, तरी शिक्षकांनी त्याला आधी खरे मानावे आणि मग तपासणीस पाठवावे, एवढीच विनंती करतो.