कॅमेऱ्याचा सेन्सर : आकाराने खरेच फरक पडतो?

कॅमेरा किंवा मोबाइल फोन घेण्यासाठी दुकानात शिरलेल्या ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, ‘किती मेगापिक्सेलचा?’ त्याचे उत्तर खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते आणि फोनच्या जाहिरातींनी तर हा आकडा आता २०० पर्यंत नेऊन ठेवला आहे. हे सारे पिक्सेल ज्या लहानशा सिलिकॉनच्या तुकड्यावर दाटीवाटीने बसवलेले असतात त्याचे माप मात्र माहितीपत्रकाच्या एखाद्या कोपऱ्यात दडलेले असते, आणि तेही १/२.३ इंच, १/१.८ इंच अशा कोड्यात टाकणाऱ्या अपूर्णांकांत. वस्तुतः छायाचित्राच्या गुणवत्तेशी या मापाचा संबंध मेगापिक्सेलपेक्षा अधिक जवळचा आहे.

प्रथम या इंचांचे गौडबंगाल पाहू. ‘एक इंची’ म्हणवल्या जाणाऱ्या सेन्सरवर फूटपट्टी ठेवली तर त्याची लांबी भरते १३.२ मि.मी. आणि रुंदी ८.८ मि.मी. त्याचा कर्णही १६ मि.मी.च्या आतच राहतो. मग यात २५.४ मि.मी.चा इंच आला कोठून? तो आला दूरचित्रवाणीच्या जुन्या कॅमेऱ्यांतून. त्या कॅमेऱ्यांत प्रतिमा टिपण्यासाठी काचेची नळी असे आणि नळीचे माप तिच्या बाहेरच्या व्यासावरून सांगितले जाई. प्रत्यक्ष प्रतिमा उमटण्याची जागा या व्यासाच्या साधारण दोन तृतीयांश एवढीच असे. नळ्या केव्हाच अडगळीत गेल्या, पण मोजण्याची रीत तशीच राहिली. वस्तू आहे त्याहून मोठी भासविणारी रीत मोडण्याची घाई कोणत्या विक्रेत्याला असणार?

‘फुल फ्रेम’ या नावामागचा इतिहास याहून सरळ आहे. जर्मनीतील लायट्झ कंपनीचे अभियंते ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मि.मी. फिल्म आडवी चालवून तिच्या दोन चौकटींची मिळून एक चौकट केली, ती ३६ × २४ मि.मी.ची. त्यांचा लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला आणि पुढे हेच माप जगभर रूढ झाले. म्हणजे ही चौकट ‘पूर्ण’ ठरली ती केवळ रूढीने. मध्यम आकाराच्या काही डिजिटल कॅमेऱ्यांत ४४ × ३३ मि.मी.चे आणि त्याहूनही मोठे सेन्सर असतात.

क्षेत्रफळांची तुलना केली की अंतर ध्यानात येते. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मि.मी. आहे. एपीएस-सी या प्रकाराचे सुमारे ३७० (कॅननच्या कॅमेऱ्यांत थोडे कमी, ३३० च्या आसपास), फोर थर्ड्सचे २२५, तर तथाकथित एक इंची सेन्सरचे ११६. खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांत वर्षानुवर्षे वापरला गेलेला १/२.३ इंची सेन्सर भरतो जेमतेम २८ चौरस मि.मी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा हा फरक तीसपटींचा आहे.

एवढ्या फरकाने नेमके काय होते? पावसात अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवून पाहावी. दोहोंत साचलेल्या पाण्याची उंची सारखीच असेल, पण परातीत एकूण पाणी कितीतरी अधिक असेल. प्रकाशाचेही असेच आहे. शटरचा वेग आणि अॅपर्चर सारखे ठेवले तरी मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश अधिक जमा होतो. प्रकाशाचे कण सरींसारखेच अनियमितपणे येत असतात आणि त्या अनियमिततेमुळे चित्रात जी रवाळ खरखर दिसते तिला तंत्रज्ञ ‘नॉइज’ म्हणतात. जमा झालेला प्रकाश चौपट झाला की खरखरीच्या तुलनेत मूळ चित्र दुप्पट स्पष्ट होते. भर दुपारी प्रकाशाचा महापूर असतो, तेव्हा वाटीही काठोकाठ भरते आणि फरक शोधावा लागतो. मंगल कार्यालयातील पिवळट उजेडात मात्र तो डोळ्यांत भरतो, आणि अंतरपाट दूर होण्याचा क्षण काही छायाचित्रकारासाठी पुन्हा घडवून आणता येत नाही.

या बाबतीत निकॉनने २००७ साली जणू एक प्रयोगच लोकांसमोर मांडला. डी-३ आणि डी-३०० हे दोन कॅमेरे कंपनीने एकाच वेळी जाहीर केले. दोहोंचे पिक्सेल जवळपास सारखे, १२ मेगापिक्सेलच्या थोडे वर. फरक सेन्सरच्या आकाराचा होता. डी-३ मध्ये फुल फ्रेम, तर डी-३०० मध्ये एपीएस-सी. डी-३०० ची नेहमीची कमाल संवेदनक्षमता आयएसओ ३२०० होती, डी-३ ची ६४००, आणि गरज पडल्यास तो २५,६०० पर्यंत ताणता येई. अमेरिकेतील किमती अनुक्रमे १,८०० आणि ५,००० डॉलरच्या घरात होत्या. क्रीडा व वृत्त छायाचित्रकारांनी तरीही डी-३ उचलून धरला.

ही महागाई निव्वळ नफेखोरीची नव्हे. सेन्सर सिलिकॉनच्या वाटोळ्या चकतीतून कापले जातात. तुकडा मोठा असेल तर एका चकतीतून थोडेच निघतात आणि चकतीवरील एखादा सूक्ष्म दोष नेमका त्याच तुकड्यात येण्याची शक्यताही वाढते. त्यामुळे आकार दुप्पट केला तर खर्च दुपटीवर थांबत नाही. म्हणूनच कॅननचा फुल फ्रेम १डीएस २००२ मध्ये आला तो केवळ व्यावसायिकांना परवडेल अशा किमतीत, आणि सामान्य हौशी माणसाच्या हाती डिजिटल एसएलआर पडला तो २००३ च्या ३००डी या एपीएस-सी कॅमेऱ्याच्या रूपाने, हजार डॉलरच्या आत.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करायला हवा, कारण तो पसरविण्यात आम्हा लिहिणाऱ्यांचाही हातभार लागला आहे. मेगापिक्सेल वाढले की चित्र बिघडते, असे त्या काळी सर्रास सांगितले जाई. ते अर्धसत्य होय. एकाच आकाराच्या आणि एकाच पिढीच्या दोन सेन्सरची चित्रे सारख्याच आकारात छापली, तर पिक्सेलच्या संख्येमुळे पडणारा फरक बहुधा किरकोळ असतो. एकूण प्रकाश किती गोळा झाला, हे अधिक महत्त्वाचे.

पार्श्वभूमी धूसर करणारी व्यक्तिचित्रे ही मोठ्या सेन्सरची दुसरी ओळख. फुल फ्रेमवर ५० मि.मी.चे भिंग एफ/२.८ वर जो परिणाम साधते, तोच फोर थर्ड्सवर साधायचा तर २५ मि.मी.चे भिंग एफ/१.४ ला उघडावे लागते. उलट फुलावरचा कीटक किंवा डोंगररांगा आरपार स्पष्ट हव्या असतील, तर लहान सेन्सर वापरणाऱ्याचे काम सोपे होते. भिगवणला रोहित पक्षी टिपायला जाणाऱ्यांनाही एपीएस-सी आवडतो, तो दीडपट गुणकामुळे. ३०० मि.मी.चे भिंग तेथे ४५० सारखे दृश्य देते. भिंगाची शक्ती त्यामुळे वाढत नाही, चित्राच्या कडा तेवढ्या कातरल्या जातात. परंतु पक्ष्याच्या वाट्याला अधिक पिक्सेल येतात आणि खांद्यावरचे ओझेही हलके राहते, हे पहाटेपासून पायपीट करणाऱ्याला विचारावे.

या साऱ्या हिशेबाला आव्हान दिले ते मोबाइल फोनने. २०१० साली जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये ही संख्या ८० लाखांच्या आत आली. फोनचा सेन्सर चिमुकला, पण तो एका चित्राऐवजी पाठोपाठ अनेक चित्रे घेतो आणि त्यांची बेरीज करून खरखर घटवतो. गुगलने पिक्सेल फोनमध्ये २०१८ साली आणलेली ‘नाइट साइट’ ही सोय याच तत्त्वावर चालते. म्हणजे वाटी लहान असली, तरी ती अनेकदा भरून घ्यायची. समोरची वस्तू स्थिर असेल तर ही युक्ती थक्क करते. विसर्जन मिरवणुकीत रात्री लेझीम खेळणारे पथक समोर आले की तिच्या मर्यादा दिसू लागतात, कारण प्रत्येक चित्रात हात निराळ्या ठिकाणी असतो. फोनने कृत्रिमरीत्या धूसर केलेल्या पार्श्वभूमीत मोकळ्या केसांच्या कडा कशा खाल्ल्या जातात, तेही निरखून पाहण्यासारखे आहे. फोन कंपन्यांना हे ठाऊक आहेच. नोकियाने ८०८ प्युअरव्ह्यूमध्ये २०१२ साली १/१.२ इंची सेन्सर बसवला, तर शाओमीने १२एस अल्ट्रामध्ये २०२२ साली एक इंची. गणिताचे एवढे कौशल्य हाताशी असूनही त्यांना परात मोठी करावीच लागली.

तेव्हा चित्रे केवळ फोनच्या पडद्यावर पाहायची असतील आणि बहुतेक उन्हात काढायची असतील, तर सेन्सरसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. सभागृहे, रंगमंच किंवा घरातील धावती मुले टिपायची असतील, तर एपीएस-सी किंवा फोर थर्ड्स आणि त्यावर एफ/१.८ चे एखादे चांगले भिंग, ही जोडी आमच्या मते फुल फ्रेम आणि स्वस्त भिंग यांच्या जोडीपेक्षा सरस ठरते. खरेदीपूर्वी दुकानातीलच एखादा अंधारा कोपरा निवडावा, दोन्ही कॅमेऱ्यांवर आयएसओ ६४०० ठेवून एकच दृश्य टिपावे आणि घरी संगणकावर दोन्ही चित्रे सारख्या आकारात शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. त्यासाठी आपले मेमरी कार्ड बरोबर न्यायला विसरू नये.