कामिनीची तबकडी
पेशवे दरबाराने 1779 च्या तहान्वये 12,000 रुपये वसुलाची दमण परगण्यातील गावे पोर्तुगीजांस सरंजाम म्हणून लावून दिली आणि त्या ‘सरंजाम’ शब्दाचा कीस पुढे पावणेदोनशे वर्षांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात काढला गेला, ही हकीकत दादरा-नगर हवेलीच्या इतिहासात येते. परंतु 2 ऑगस्ट 1954 रोजी तेथील सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाले त्यात ग्रामोफोनच्या तबकडीचाही वाटा होता, इकडे लक्ष फारसे जात नाही.

मुक्तिसैनिकांस हत्यारांसाठी पैसा हवा होता. तो उभा करण्यासाठी सुधीर फडके यांनी पुण्यात, हिराबागेत, लता मंगेशकरांचे गायन ठेविले. शाहिराची कीर्ती पूर्वी त्याचे पाय नेतील तिथवर जाई. हिराबागेतल्या श्रोत्यांनी मात्र हा आवाज गायिकेला न पाहताच वर्षानुवर्षे घरी ऐकला होता. 1949 च्या ‘महल’ चित्रपटातील गीताच्या तबकडीवर आरंभी पडद्यावरील पात्राचे, ‘कामिनी’ हे नाव छापले होते, आणि श्रोत्यांनी आकाशवाणीकडे पृच्छा आरंभिली तेव्हा कुठे गाणारीचे खरे नाव उच्चारले गेले. पुढे 1952 पासून, बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, त्याच आकाशवाणीने चित्रपटगीतांस जवळजवळ मज्जाव केला आणि लोक रेडिओ सिलोनला कान लावून बसू लागले. सरकारदरबारी उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या त्या आवाजाच्या पुण्याईवर, सरकार ज्या कामास उघडपणे हात घालीत नव्हते त्याच कामाची बेगमी व्हावी, यातली खुमारी मला अद्याप शिळी वाटत नाही.

खुद्द हवेलीच्या पाड्यांवर तेव्हा तारपा वाजत असे. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडपानांचा कर्णा असे हे वाद्य भातकापणीच्या दिवसांत बाहेर निघे. वारली स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून वाजविणाऱ्याभोवती फेर धरीत, आणि तो वळेल तसा सारा फेर वळे. त्याचा श्वास पुरेल तोवर नाच. त्याचे नाव कुठे छापण्याचा प्रश्नच नव्हता, कारण नाचणाऱ्यांत त्याचे भाऊबंद आणि सोयरेधायरेच असत.

आता लग्नाच्या मांडवात भले थोरले ध्वनिवर्धक रचतात आणि तारप्याचे सूर मोबाइलवरून हातोहात फिरतात. माझ्याकडे असे काही तुकडे आले. ते मी पुन्हापुन्हा ऐकले. एकाही तुकड्यावर वाजविणाऱ्याचे नाव नव्हते.