शोधयंत्र आणि न दिसणारी पाने: डायनॅमिक संकेतस्थळे व चित्रांचा इतिहास

ग्रंथालयात पुस्तक आहे, पण सूचीत त्याची नोंद नाही. असे पुस्तक वाचकाच्या हाती क्वचितच लागते. वेबवरील पानांचेही तसेच आहे. पान शोधात सापडावे म्हणून केलेल्या प्रयत्नांना सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजेच एसईओ, म्हणतात. त्याच्या इतिहासातील दोन प्रश्न आपण येथे पाहू.

१. पत्त्याचा प्रश्न

सुरुवातीच्या वेबवर प्रत्येक पान ही सर्व्हरवर ठेवलेली एक फाइल असे. १९९३ मध्ये सीजीआय ही पद्धत आली आणि मागणी होताच प्रोग्राम पान तयार करून देऊ लागला. अशा डायनॅमिक पानाच्या पत्त्यात प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे क्रमांक, खुणा येत. एकच लेख अनेक पत्त्यांवर दिसे. दिनदर्शिकेतील ‘पुढचा महिना’ हा दुवा तर कधी संपतच नसे! पाने गोळा करणारा क्रॉलर तेथे अडकून पडे. त्यामुळे सुरुवातीची शोधयंत्रे अशी पाने बऱ्याचदा टाळत.

उपाय टप्प्याटप्प्याने निघाले. १९९६ मध्ये राल्फ एंगेलशाल यांनी अपाची सर्व्हरसाठी मॉड-रीराइट लिहिले. त्यामुळे आत प्रोग्राम चालत असला तरी बाहेर साधा, वाचता येणारा पत्ता देता येऊ लागला. २००५ मध्ये गूगलने साइटमॅप, म्हणजे संकेतस्थळाने स्वतः पुरवलेली पानांची यादी, ही रीत सुरू केली. पुढच्या वर्षी याहू व मायक्रोसॉफ्ट तीत सामील झाले. २००९ मध्ये या तिघांनी ‘कॅनॉनिकल’ खूण मान्य केली. सारख्या पानांपैकी मूळ कोणते, हे तिच्यामुळे सांगता येऊ लागले.

२. चित्राचा प्रश्न

१९९३ मध्येच मोझॅक ब्राउझरने मजकुराबरोबर चित्रे दाखवायला सुरुवात केली. शोधयंत्राच्या दृष्टीने मात्र चित्र मुके होते. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये ‘ऑल्ट’, म्हणजे चित्राऐवजी वाचायचा मजकूर, नोंदवला गेला. त्याचा उद्देश शोध हा नव्हता. चित्र ज्याला दिसत नाही, त्या वाचकासाठी तो होता. २००१ मध्ये गूगलची चित्रशोध सेवा सुरू झाली आणि चित्राभोवतीच्या मजकुराबरोबर हे वर्णनही शोधाला उपयोगी पडू लागले. मग काहींनी त्यात शोधशब्द कोंबायला सुरुवात केली. परिणामी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला वर्णनाऐवजी शब्दांची निरर्थक माळ ऐकावी लागे.

३. या इतिहासाचा अर्थ

दोन्ही प्रश्नांत एक सूत्र दिसते: माणसाला स्पष्ट कळेल असे लिहिले, की यंत्रालाही मदत होते, केवळ यंत्राला खूश करायला लिहिले, की वाचक दुरावतो. आज यंत्र चित्रातील झाड किंवा चेहरा ओळखते. पण छायाचित्र कोणत्या गावच्या जत्रेचे, कोणत्या वर्षीचे, हे ते चढवणाऱ्यालाच ठाऊक असते. भारतीय भाषांतील कितीतरी मजकूर केवळ स्कॅन केलेल्या चित्रांच्या रूपात आहे. त्याला शीर्षक, वर्णन आणि कायमचा पत्ता दिला नाही, तर तो वेबवर असूनही अभ्यासकाला सापडणे कठीण.

स्वाध्याय: आपल्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील एक जुने छायाचित्र निवडा आणि ते न पाहणाऱ्या व्यक्तीला समजेल असे एका वाक्यात त्याचे वर्णन लिहा.