वाङ्मयचौर्य, फॅनफिक्शनमधील

गाजलेल्या कादंबरीतली वा मालिकेतली पात्रे घेऊन चाहते नव्या कथा लिहितात, त्यांना फॅनफिक्शन म्हणतात. अशा चाहत्याची कथा दुसऱ्याने आपल्या नावावर खपवणे हे वाङ्मयचौर्यच होय. यावर आक्षेप ठरलेला असतो : ज्याची पात्रेच उसनी, त्याने चोरीची तक्रार कोणत्या तोंडाने करावी? आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्यात उघड उसनवारी आणि फसवणूक यांची गल्लत आहे. हॅरी पॉटरवर कथा लिहिणारा चाहता हॅरी आपण निर्माण केला असे म्हणत नाही, आणि वाचकालाही ते ठाऊक असते. मराठीत हा भेद जुना आहे. विठ्ठल, पंढरी आणि अभंगाचा छंद हे संतांचे सामाईक धन. त्याच्या वापराबद्दल कोणी कोणाला दोष दिला नाही. पण सालोमालो नावाचा एक जण तुकारामांच्या अभंगांतली ‘तुका म्हणे’ ही मुद्रा काढून स्वतःची घालू लागला, असे परंपरा सांगते, आणि तुकारामांनी अभंगांतूनच त्याचा कडक समाचार घेतला.

चोरी ओळखण्यासाठी नुसती शब्दजुळणी मोजून भागत नाही, हे जुन्या काव्यशास्त्रालाही ठाऊक होते. वडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने 1916 साली आपला पहिला ग्रंथ म्हणून राजशेखराची दहाव्या शतकातली ‘काव्यमीमांसा’ काढली. राजशेखराने तीत शब्दहरण आणि अर्थहरण वेगळे केले. अर्थ सगळा दुसऱ्याचा आणि फक्त शब्दरचना निराळी, अशा ‘प्रतिबिंबकल्प’ काव्याला त्याने त्याज्य ठरवले. मूळ एकच पण बांधणी सर्वस्वी नवी, अशा काव्याला मात्र मान दिला. एका कथेतली नावे बदलून ती दुसऱ्या मालिकेच्या चाहत्यांपुढे ठेवणे किंवा इंग्रजी कथा गुपचूप मराठीत आणणे हे प्रतिबिंबकल्प प्रकारात मोडते, आणि साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हातून नेमके हेच निसटते. उलट मूळ मालिकेतले संवाद दोन निरपराध कथांत सारखे येतात, तिथे ते नाहक बोट दाखवते. प्रबंधांसाठीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018च्या नियमांतही सर्वपरिचित वा योगायोगाने जुळलेले सलग 14 शब्दांपर्यंतचे साम्य वगळलेले आहे. खरा पुरावा प्रसंगांच्या क्रमात, चाहत्याने स्वतः घडवलेल्या दुय्यम पात्रांत आणि विशेषतः सामाईक चुकांत सापडतो. हस्तलिखितांचे नाते ठरवताना पाठचिकित्सकही अशाच चुका पाहतात. वडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने 1960 ते 1975 या काळात रामायणाची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली, तीही अशा पाठतुलनेवरच उभी आहे.

चोराला चारचौघांत उघडे पाडणे हाच जालीम उपाय, असे अनेकांना वाटते. धाक बसतो हे खरे. पण एकाच मूळ कृतीवर लिहिणाऱ्यांत साम्य असणारच, आणि खोटा आळ आला की नवखा लेखक लिहिणेच सोडतो. म्हणून आधी दोन्ही उतारे शेजारी ठेवून लेखकाला विचारावे, दुरुस्तीला अवधी द्यावा, मगच कथा काढून टाकावी. 2009 पासून चालू असलेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावर वाङ्मयचौर्याला मनाई आहे, आणि प्रेरणा देणाऱ्या कथेशी आपली कथा जोडण्याची सोयही आहे. ही सोय मला मनाईइतकीच मोलाची वाटते, कारण प्रामाणिक उसनवारीला तिने सरळ वाट दिली. 1957च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम 57 लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते. पण स्वतःच दुसऱ्याच्या सृष्टीत लिहिणारा चाहता कोर्टाची पायरी सहसा चढत नाही, त्यामुळे समूहाचा नियमच त्याचा आधार ठरतो. उरतो प्रश्न संमतीने घेऊन आपल्या नावावर खपवलेल्या कथेचा. मोल देऊन घेतलेले काव्यही राजशेखराने हरणच मानले आहे. तोच निवाडा इथेही योग्य आहे.